झील

दादरच्या त्या दिवाणखान्यात मी 'जी' म्हणाले आणि सगळे हसले.

ग्रामोफोनवर तबकडी चालू होती. यमन. गाणाऱ्या बाईंनी एक लांब तान घेतली. ती वर गेली, फिरली, खाली आली आणि अगदी बरोब्बर समेवर येऊन बसली. मी डोळे मिटून ऐकत होते. कुठे बसलेय, कुणाच्या घरी बसलेय, भान नव्हतं. ओळ संपली आणि माझ्या तोंडातून निघालं, 'जी.' हळू नाही. चांगलं खणखणीत.

खोलीत नऊ-दहा जण होते. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. ते घर माझ्या मैत्रिणीचं, सुधाचं. तिच्या काकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी तबकडीवरची सुई उचलली. गाणं मध्येच तुटलं. अण्णा म्हणाले, "मुली, हा यमन आहे. तमाशा नव्हे."

पुन्हा हसणं. मग अण्णा जरा मवाळ झाले. "बरं, असू दे. तू अशी मागे भिंतीपाशी बस. झील मागूनच देतात ना?"

मी उठले आणि मागे भिंतीपाशी जाऊन बसले.

ते हसले याचं मला आज एवढं काही वाटत नाही. मी उठून मागे बसले, ते मात्र अजून सलतं.

'जी' का निघालं ते सांगते. पोवाड्यात मुख्य गाणारा ओळ म्हणतो. ओळ संपली की मागे उभे असलेले तिचा शेवटचा सूर धरतात आणि 'जी जी रं जी' म्हणतात. ती झील. तेवढ्यात पुढच्याला दम घेता येतो, पुढची ओळ आठवता येते. माझा बा शाहीर होता. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत त्याचं पाच माणसांचं पथक होतं. डफ त्याचा, झील माझी. सहा वर्षांची असल्यापासून मी त्याच्या पाठीमागे उभी. ओळ पडली की जी. ते अंगात इतकं भिनलं होतं की चांगली ओळ नीट जागेवर पडली की माझं तोंड आपोआप उघडायचं. त्या दिवशी ते यमनाला उघडलं. माझ्या लेखी ती दाद होती. त्याहून मोठी दाद मला येतच नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते ते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या चाळीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. सुधा माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. तिच्या घरी दर रविवारी सकाळी 'आवडनिवड' भरायची. प्रत्येकानं आपल्या आवडीचं काही ऐकवायचं आणि ते का आवडतं ते सांगायचं. कुणी नाट्यगीत आणायचं, कुणी ठुमरी, कुणी सिनेमातलं. एकानं तर नुसत्या इंग्रजी वाद्यांची तबकडी आणली होती. "कसलीही आवड चालते गं," सुधा मला म्हणाली होती. "ये ना तू."

मला सुधाचा हेवा वाटायचा. आडवळणानं सांगत नाही. हेवाच.

तिच्याकडे तानपुरा होता. त्याला शिवलेली गवसणी आमच्या घरातल्या एकुलत्या एक रजईपेक्षा जाड होती. आठवड्यातून दोनदा बुवा घरी येऊन तिला शिकवायचे. तबकड्यांची लाकडी पेटी होती, आत एकेक तबकडी कागदात उभी. ती पेटी उघडताना सुधा कधी मोठं काही मिळाल्यासारखी दिसायची नाही. आपण घरात मीठ-मसाल्याचा डबा उघडतो, तशी उघडायची. मला त्याचाच राग यायचा. एवढं सगळं आहे आणि ही बघतसुद्धा नाही त्याच्याकडे.

पण खरा हेवा होता तो तिच्या आवडीचा. एकदा सुधा म्हणाली, "मला ना, पोवाडे फार आवडतात. कसले रांगडे असतात." अण्णांनी सगळ्यांकडे बघितलं. "पाहिलंत? ख्याल शिकणारी मुलगी, आणि आवड किती व्यापक." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्याच रविवारी माझी पाळी आली. माझ्याकडे तबकडी कुठली असणार? मी सांगितलं, तोच यमन मला पुन्हा ऐकायचा आहे. रीत अशी होती, की ज्याची पाळी त्यानं उठून ग्रामोफोनला चावी द्यायची आणि सुई आपल्या हातानं ठेवायची. मी उठले. अण्णा म्हणाले, "थांब, मी लावतो. तू नुसतं सांग." त्यांनी लावली. मग विचारलं, "तुला हे खरंच आवडतं? का?"

मी म्हणाले, "आमच्या चाळीसमोर इराण्याचं हॉटेल आहे. तिथल्या रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं. जिन्यात उभी राहून. आई पाण्यासाठी हाका मारत होती, मी गेले नाही."

"छान, छान," अण्णा म्हणाले. "प्रगती आहे."

तो शब्द घेऊन मी घरी आले. प्रगती. म्हणजे सुधानं आमचं ऐकलं तर ती रसिक. मी त्यांचं ऐकलं तर मी सुधारले. तिची आवड सगळीकडे हिंडून संध्याकाळी आपल्या घरी जाते. माझी आवड मात्र एक पायरी चढली म्हणून पाठीवर थाप. मला यमन आवडतो तो यमन आहे म्हणून, दादरचा आहे म्हणून नव्हे. हे मला तिथे बोलता आलं नाही. मी "हो" म्हणून बसले होते. मागे, भिंतीपाशी.

तरी मी जात राहिले. का, ते विचारू नका. तो यमन दुसरीकडे कुठे मिळणार होता मला? आणि सुधा वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती डबा वाटून खायची. वह्या द्यायची. आम्ही नुकताच धम्म घेतला होता, घरातले देव बानं काढले होते. सुधाच्या आईनं मला विचारलं, "म्हणजे आता तुम्ही नक्की कोण?" तेव्हा सुधाच मध्ये पडली, "आई, पुरे गं."

एक दिवस ती मला म्हणाली, "तुझ्या बाबांचं एखादं गाणं शिकव ना मला."

मला आनंद झाला. तो आनंद चांगला नव्हता, आता कळतं. पहिल्यांदाच माझ्याजवळ असं काही होतं जे सुधाच्या पेटीत नव्हतं. तिला ते मागावं लागलं, याचा तो आनंद होता. मी तिला घरी घेऊन गेले.

बा पहिल्या पाळीहून नुकताच आला होता. कानात, केसांत कापूस. तो गिरणीत रिंग खात्यात होता, सूत कातायच्या मशिनींवर. साचाखात्यात, कापड विणायच्या मागांवर, कमाई जास्त, पण तिथे आमच्या लोकांना घेत नसत. तिथे धोट्यातून सूत ओढायला धोटा तोंडाला लावावा लागतो. आमच्या तोंडाला लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. बा हे हसत सांगायचा. सुधालाही सांगितलं. मग बानं डफ घेतला आणि त्याचं नवं गाणं म्हणून दाखवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांसाठी केलेलं. त्यातल्या दोन ओळी सगळ्या चाळीला पाठ होत्या:

डब्यात आमच्या सुकट-भाकर, रिंगेवर जलम राबतो जी
घामानं भिजली मुंबई आमची, आमचीच आम्ही मागतो जी

मी झील दिली. सुधानं दुसऱ्याच खेपेला चाल उचलली. तिसऱ्या खेपेला ती पुढे म्हणत होती, बा डफ वाजवत होता आणि मी मागे जी म्हणत होते. आमच्याच घरात. बाचा चेहरा मी असा फुललेला कधी बघितला नव्हता.

"पोरगी गळ्याची हाय," तो म्हणाला. "काय सूर लागलाय."

बारा वर्षं मी त्याच्या मागे उभी होते. मला तो असं एकदाही म्हणाला नव्हता. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, मी पुढं म्हणू का? तेव्हा म्हणाला होता, "तुझा गळा झीलीचा हाय पोरी. झीलीला बी गळा लागतोच की." मी ते खरं मानलं होतं. त्या दिवशी सुधाला देताना चहा बशीत सांडला. आईला वाटलं, मोठ्या घरची पाहुणी आली म्हणून मी बावरले. मी बावरले नव्हते. मला तिचा गळा दाबावासा वाटत होता.

पंधरा-वीस दिवसांनी प्रभादेवीला एका मैदानात सभा होती. सभेआधी गाणी असायची. व्यवस्थेत अण्णा होते. सुधा बाचं गाणं म्हणणार होती. डफावर कॉलेजातला एक मुलगा, झीलीला मी आणि कॉलेजातल्याच दोन मुली. माझ्यावाचून त्या दोघींना जी कधी उचलायचं ते कळत नसे, म्हणून मी मध्ये.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. गिरण्यांची पाळी सुटून माणसं थेट मैदानात येत होती. बा पुढे तिसऱ्या रांगेत जमिनीवर बसला होता, धुतलेला सदरा घालून. त्यानं मला हात केला. का सुधाला केला, कोण जाणे.

मंचाच्या पायऱ्यांशी सुधा माझ्या कानाशी आली. "ऐक ना, एक शब्द बदललाय. सुकट आहे ना, तिथे साखर म्हणणार आहे."

"का?"

"अण्णा म्हणाले, सभेला सगळ्या समाजाची माणसं येतात, बायका येतात. सुकट बरं नाही दिसत. आणि बघ ना, साखर-भाकर. यमकपण छान होतं."

यमक छान होत होतं. तेच तर. तिच्या तोंडात साखर सुकटीपेक्षा गोड लागणार होती, आणि हे मला तेव्हाच्या तेव्हा कळलं. आमच्या डब्यात साखर कधी असते गं, असं मला विचारायचं होतं. आमच्याकडे साखर पाहुणा आला तर निघते. तू आलीस तेव्हा निघाली होती. मी काही बोलायच्या आत आम्हाला वर बोलावलं.

अण्णांनी माईक घेतला. "आता आपल्यासमोर एक पारंपरिक लोकगीत. कवी अज्ञात आहे."

मी सुधाकडे बघितलं. ती पुटपुटली, "मी सांगितलं होतं त्यांना. ते म्हणाले, असली गाणी कुणा एकाची नसतात."

डफ वाजला. सुधानं पहिली ओळ घेतली. खरं सांगते, फार चांगली घेतली. मैदान शांत झालं. 'डब्यात आमच्या साखर-भाकर.' सूर जिथे पडायला हवा तिथे पडला. आता जी.

मी तोंड उघडलं नाही.

दोघी मुली माझ्याकडे बघत राहिल्या. झीलीवाचून ओळ मंचावर तशीच पडून राहिली. सुधाला दम घ्यायला जागा मिळाली नाही. तिला वाटलं चूक झाली. तिनं ओळ पुन्हा घेतली. पुन्हा साखर. मी पुन्हा गप्प. लोकांतून कुणीतरी ओरडलं, "झील द्या की."

मी मोठ्यानं म्हणाले, "शब्द सुकट आहे."

माईक माझ्यापासून लांब होता. पुढच्या चार-पाच रांगांनी ऐकलं असेल. सुधाचा चेहरा पांढरा पडला. अण्णा बाजूनं आले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "खाली उतर."

मी उतरले. तुम्हाला वाटेल, लोक माझ्या बाजूनं उठले असतील. कुणी उठलं नाही. लोक मुंबईसाठी आले होते, सुकटीसाठी नव्हे. डफवाल्यानंच झील धरली, दोघी मुली त्याच्यामागे लागल्या, आणि सुधानं गाणं पुरं केलं. साखर-भाकर. टाळ्या कडाडल्या. मी मैदानाच्या कडेला उभी राहून ऐकत होते. तिसऱ्या रांगेत माझा बा टाळ्या वाजवत होता.

आम्ही दोघं चालत घरी निघालो. अर्ध्या वाटेत बा म्हणाला, "तुला काय झालं हुतं?"

"तिनं सुकट काढली."

"काढंना का. मुंबई मिळवायची हाय आन् तू सुकटीवर अडून बसलीस?"

"मुंबई मिळाल्यावर पण आपल्या डब्यात सुकटच असणार आहे, बा. तेव्हा पण साखर म्हणायची?"

तो थांबला नाही. "आगं, येवढ्या मानसांत माझं गानं झालं. पाच मानसांच्या पथकाला कोन ऐकतंय? पोरीनं गळ्यावर नेलं गानं."

मला राहवलं नाही. "तुम्ही तिलाच म्हणालात, गळ्याची हाय. मला कधी म्हणालात?"

रस्त्यात मी हे बोलले. अठरा वर्षांची घोडी, आणि भर रस्त्यात रडत होते. मला त्याचं गाणं गेल्याचं दुःख होतं, की ते सुधाच्या गळ्यात शोभल्याचं? दोन्ही होतं. किती कुठलं, ते मला आजही सांगता येत नाही.

बा माझ्याकडे बघत राहिला. थोडं पुढे गेल्यावर त्यानंच विचारलं, "अज्ञात म्हंजे काय गं?"

मी डोळे पुसले. "ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं तो."

बा चार पावलं चालला. "पर तुला तर ठावं हुतं की."

एवढंच. रागानं नाही. सहज म्हणाला.

मी जागच्या जागी उभी राहिले. मंचावर मी तोंड उघडलं होतं. एकदाच उघडलं, आणि त्या एका वेळेत मी सुकट म्हणाले. बाचं नाव घेतलं नाही. कवी अज्ञात, असं माझ्यादेखत माईकवर म्हटलं गेलं, कवी समोर तिसऱ्या रांगेत बसलेला, आणि मला आठवली ती सुकट. मला सुधाची चूक दाखवायची होती. तिचा तो गोड सूर मोडायचा होता. बाचं नाव मला सुचलंसुद्धा नाही. त्यांनी धोट्याला आमचं तोंड लावू दिलं नाही आणि गाणं मात्र आमच्या तोंडातलं उचललं, हे खरं आहे. पण त्या दिवशी माझं तोंड माझ्या ताब्यात होतं. तरी मी बाला अज्ञात राहू दिलं. हेव्यात माणूस फक्त समोरच्याकडे बघतो, स्वतःच्या माणसाकडे नाही. हे मला प्रभादेवीच्या त्या रस्त्यावर कळलं. कळून छाती हलकी झाली नाही. उलट जड झाली.

पुढच्या रविवारी मी सुधाकडे गेले. शेवटची. आवडनिवड सुरू होती. मी भिंतीपाशी बसले नाही. उभीच राहिले आणि म्हणाले, "आज माझी आवड सांगते. तबकडी नाही. ती कुणी काढली नाही. सुईचा प्रश्नच नाही." आणि बाचं गाणं म्हटलं. पुढे होऊन. माझा गळा पुढच्याचा नाही, तो झीलीचाच आहे, जाड आहे. दुसऱ्या ओळीला फाटला. फाटला तर फाटला. सुरुवातीला नाव सांगितलं आणि शेवटाला पुन्हा सांगितलं. मधे सुकट म्हणताना अण्णांकडे बघत म्हटलं.

कुणी हसलं नाही. कुणी वाहवाही केली नाही. अण्णा म्हणाले, "चला, आता पुढचं कोण?" सुधा खाली मान घालून बसली होती. मी चपला घातल्या. ती जिन्यापर्यंत आली. "तू रागावलीस," ती म्हणाली.

"मला तुझा हेवा वाटतो," मी म्हणाले. "रागापेक्षा वाईट आहे ते."

तिला ते कळलं नाही. तिला माझा हेवा कधी वाटावा लागला नव्हता, तिला कसं कळणार?

आता मी म्हातारी झाले. बा कधीच गेला. मुंबई मिळाली. मी शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. यमन मला अजून तितकाच आवडतो. दादरला मैफल असली की जाते, तिकीट काढून पुढच्या रांगेत बसते. ओळ नीट समेवर आली की 'जी' म्हणते. मोठ्यानं. शेजारचे वळून बघतात. बघू देत. माझी दाद मी माझ्या भाषेत देते, आणि त्यासाठी आता मी उठून मागे जात नाही.

बाचं गाणं अधूनमधून कानावर येतं. महाराष्ट्र दिनाला, शाळांच्या स्नेहसंमेलनात. सगळीकडे साखर-भाकर. सगळीकडे कवी अज्ञात. सुधाच्या गळ्यातून ते कुठून कुठे गेलं, कोण जाणे. हेवा गेला नाही. मी तो घालवणारही नाही. फक्त त्याला आता कामाला लावलंय. जिथे ऐकेन तिथे मंचापाशी जाते आणि दुरुस्त करते. लोक वैतागतात. आयोजक म्हणतात, आजी, नंतर बोलू. मी म्हणते, नंतर नाही, आत्ता.

तुम्हाला हे गाणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. कुणीही म्हणा, कुठल्याही गळ्यानं म्हणा. आधी नाव घ्या. शाहीर केरबा, डिलाईल रोड, रिंग खातं. मग तोंड भरून सुकट म्हणा. एवढं केलंत तर या वयातही मागे उभी राहून मी झील देईन. नाही केलंत तर तुमची ओळ पडू दे तशीच. मी उचलणार नाही.